शस्त्रसंधीत गोळी कुणाला लागते?

‘विचारा, सांगतो’ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो, की शस्त्रसंधी टिकते की नाही हे बघायचं असेल तर तोफांच्या बातम्या सोडा आणि आतल्या पानावरच्या एककॉलमी खुनांच्या बातम्या वाचा. त्यावर पत्रं आली, फोन आले. एका वाचकाने तर बर्डीवर भाजी घेताना गाठून विचारलं, म्हणजे नेमकं काय हो? म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच प्रश्नाला दिलं आहे. उदाहरण मुख्यतः श्रीलंकेचं घेतो. रात्रपाळीच्या डेस्कवर असताना माझ्या हातून त्या देशाच्या जेवढ्या बातम्या गेल्या, तेवढ्या दुसऱ्या कुठल्या परदेशाच्या गेल्या नाहीत. शिवाय ते युद्ध आता संपलं आहे, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता येतं.

करार होतो, हस्तांदोलनाचे फोटो छापून येतात, तरी रोज कोणीतरी मरतंच. मग शस्त्रसंधी म्हणजे नुसता देखावा का? (एक वाचक, मानेवाडा)

देखावा नाही, भाऊ. २२ फेब्रुवारी २००२ ला रनिल विक्रमसिंघे यांचं सरकार आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी प्रभाकरनची लिट्टे (म्हणजेच ‘वाघ’) यांनी करारावर सह्या केल्या, मध्यस्थ नॉर्वे. त्यानंतर चार वर्षं सैन्य आणि वाघ यांच्यात मोठी लढाई झाली नाही. उत्तरेकडच्या जाफन्याला जाणारा ए-९ रस्ता १९९० पासून बंद होता, तो उघडला. लोक बारा वर्षांनी गावी परतले. कुणाला घर सापडलं, कुणाला नुसता पाया. ज्यांची पोरं त्या चार वर्षांत लढाईत मेली नाहीत, त्या मायबापांना हा देखावा होता म्हणून सांगून बघा.

पण करारावर सह्या दोघांच्याच होत्या, आणि तमिळ समाजात लिट्टेखेरीज बरीच माणसं होती. ईपीआरएलएफ, प्लोट, टेलो, ईपीडीपी ही सगळी एके काळची सशस्त्र संघटनांची नावं. १९८६ मध्ये लिट्टेने टेलोचा नेता श्री सबारत्नम याला मारून ती संघटना मोडली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ईपीआरएलएफवर हात टाकला. उरलेल्यांतले काही पुढे सरकारच्या आसऱ्याला गेले, निवडणुका लढवू लागले. जवळ बंदुका ठेवायचे, कारण वाघ सोडणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता करारातली दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक सांगतं, सरकारने तीस दिवसांच्या आत या तमिळ गटांची शस्त्रं काढून घ्यावीत. दुसरं सांगतं, नव्वद दिवसांनंतर लिट्टेच्या निःशस्त्र कार्यकर्त्यांना राजकीय कामासाठी सरकारी भागात मोकळेपणाने फिरता येईल. एकेकटं वाचलं तर दोन्ही कलमं शहाणपणाची. एकत्र वाचली की कळतं, ज्यांच्या जिवाला धोका त्यांची बंदूक गेली आणि ज्यांच्यापासून धोका त्यांना गावात यायला परवाना मिळाला. कार्यकर्ता निःशस्त्र आहे की शर्टाखाली पिस्तूल आहे, हे प्रत्येक चौकात कोण तपासणार?

१४ जून २००३. ईपीआरएलएफच्या एका गटाचा नेता सुबातिरन, त्याला सगळे रॉबर्ट म्हणत. जाफन्यात पक्षाच्या कार्यालयाच्या गच्चीवर सकाळी व्यायाम करत होता. जवळच्या मुलींच्या शाळेच्या इमारतीतून नेमबाजाने एक गोळी झाडली आणि तो संपला. बोट सगळ्यांनी वाघांकडे दाखवलं. पण शस्त्रसंधी मोडली असं कुठल्याच राजधानीत कुणी म्हटलं नाही. दोन्ही सैन्यं आपापल्या जागी होती ना.

मला यात दिसतं ते इतकंच. लढाईच्या दिवसांत नेत्याला सैनिक लागतात, वाटाघाटीच्या दिवसांत खुर्ची लागते. वाटाघाटीच्या टेबलाशी तमिळांच्या बाजूला खुर्ची एकच होती आणि आपणच तमिळांचे एकमेव प्रतिनिधी असा लिट्टेचा दावा होता. त्या खुर्चीवर सरकारच्या बाजूचा सिंहली माणूस हक्क सांगू शकत नाही. हक्क सांगणारा आपल्यातलाच असतो: जुना सोबती, मवाळ खासदार, दुसऱ्या गटाचा म्होरक्या. म्हणून शांतता आली की बंदुकीची नळी आत वळते.

निरीक्षक नेमले होते असं वाचलं. मग ते काय करत होते? (निवृत्त कर्मचारी, तहसील कचेरी, लक्ष्मीनगर)

तुम्ही कचेरीत उमर काढली, तुम्हाला लगेच समजेल. ते नोंद करत होते. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांतली माणसं. हाती बंदूक नाही, अटकेचा अधिकार नाही. तक्रार घ्यायची, जागेवर जायचं, दोन्ही बाजूंना विचारायचं, उल्लंघन झालं की नाही ठरवायचं आणि कागद पुढे पाठवायचा. पंचनाम्यापर्यंत अधिकार, पुढचं काही नाही.

२००७ पर्यंतच्या त्यांच्या निर्णयांत लिट्टेच्या खात्यावर तीन हजारांवर उल्लंघनं आणि सरकारच्या खात्यावर तीनशेच्या वर. कोलंबोतले लोक हा आकडा फार मिरवायचे. पण लिट्टेच्या आकड्यातला मोठा हिस्सा लहान मुलांना जबरदस्तीने भरती केल्याचा होता. ते भयंकरच, पण माझ्या विषयाला त्याचा उपयोग नाही. मी ज्या खुनांबद्दल बोलतोय ते या हिशेबात नीट बसतच नव्हते. मोटरसायकलवर दोघं येतात, गोळ्या घालतात, निघून जातात. लिट्टे म्हणते आम्ही नाही, सैन्य म्हणतं आम्ही नाही. निरीक्षकाने ‘कुणी केलं’ या रकान्यात लिहावं तरी काय?

२००६ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने लिट्टेवर बंदी घातली. मग लिट्टेने सांगितलं, संघातल्या देशांची माणसं आम्हाला निरीक्षक म्हणून नकोत. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड परत गेले, उरले नॉर्वे आणि आइसलंड. एवढ्या मूठभर लोकांनी कुठे कुठे बघायचं?

संघटनेत फूट पडली की सरकारचा फायदा होतो. मग फूट सरकारच पाडत असेल ना? (विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी, हनुमाननगर)

सरकार फुटीचा फायदा उठवतं, हे खरं. पण भेग आधीची असते.

लिट्टेचा पूर्वेकडचा सेनापती करुणा, पूर्ण नाव विनायगमूर्ती मुरलीधरन. त्याने मार्च २००४ मध्ये प्रभाकरनपासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. त्याचं गाऱ्हाणं थोडक्यात असं: मरायला पोरं पूर्वेची आणि पदं उत्तरेकडच्यांना. विदर्भातल्या माणसाला या तक्रारीचा सूर ओळखू येईल, पण ते साम्य फार ताणू नका. ९ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, प्रभाकरनचे लोक वेरुगल नदी ओलांडून पूर्वेत घुसले. शस्त्रसंधीच्या काळातली ती खरीखुरी लढाई, दोन्हीकडे वाघच. थोड्याच दिवसांत करुणाने आपल्या पोरांना घरी जायला सांगितलं आणि स्वतः गायब झाला.

खरं प्रकरण सुरू झालं ते इथून. करुणाचे उरलेसुरले लोक सरकारी भागातून हालचाली करू लागले. ते आमचे नाहीत, असं सरकार म्हणायचं. ते तुमच्याच पाठबळावर आहेत, असं लिट्टे म्हणायची. करारात तर तिसरा पक्षच नव्हता. शस्त्रं काढून घ्यायचं कलम २००२ मधल्या गटांसाठी लिहिलेलं, त्यानंतर जन्मलेल्या गटाचं काय, हे कागदावर कुठे असणार? पूर्वेत मग माणसं एकेक करून पडू लागली. फेब्रुवारी २००५ मध्ये लिट्टेचा पूर्वेचा राजकीय प्रमुख कौशल्यन सरकारी भागातल्या रस्त्यावर मारला गेला. त्सुनामी येऊन दीड महिनाही झाला नव्हता, जिकडे तिकडे मदतकार्य सुरू होतं. त्याच्यासोबत गाडीत असलेले माजी खासदार चंद्रनेहरूही गेले. एप्रिलात पत्रकार शिवराम यांना कोलंबोत रस्त्यावरून उचललं, दुसऱ्या दिवशी संसदेच्या परिसराजवळ मृतदेह सापडला.

ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर. स्वतः तमिळ, लिट्टेवर परदेशांत बंदी यावी म्हणून झटलेला माणूस. कोलंबोतल्या आपल्या घरी पोहून तलावाबाहेर येत होते. शेजारच्या घरातून नेमबाजाने टिपलं.

आणि त्याच वर्षीचा नाताळ. पूर्वेतल्या बट्टिकलोआच्या सेंट मेरी चर्चमध्ये मध्यरात्रीची प्रार्थना चालू असताना जोसेफ पाराराजसिंगम यांना गोळ्या घातल्या. ते लिट्टेच्या बाजूच्या तमिळ आघाडीचे खासदार. पत्नी शेजारी होत्या, त्याही जखमी झाल्या. त्या रात्री मी डेस्कवर होतो. आमच्या पानावर नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चमधल्या मेणबत्त्यांचा चार कॉलमी फोटो लागलेला, आणि ही बातमी बसायला खाली तेवढीच जागा शिल्लक. फोटो हलवायला वरिष्ठांची परवानगी लागायची. बातमी खालीच बसली, एका कॉलमात.

हे सगळं शस्त्रसंधी चालू असताना. तुम्ही परीक्षेसाठी टिपणं काढता म्हणून सांगतो, मेलेल्यांची संख्या लिहू नका. मेलेला आधी कुणाच्या बाजूला होता आणि मरण्यापूर्वी कुणाकडे गेला होता, ते लिहा. केतीश लोगनाथन यांचं बघा. एके काळी ईपीआरएलएफमध्ये, मग अभ्यासक आणि स्तंभलेखक, मग सरकारच्या शांतता सचिवालयात उपप्रमुख. १२ ऑगस्ट २००६ ला कोलंबोजवळ घरीच गोळ्या घातल्या. एवढी एक ओळ वाचली तरी त्या काळात कुणाला जगू द्यायचं नव्हतं ते समजतं.

आमच्या इंदोऱ्यात श्रीलंकेहून भंते येतात, आम्ही त्यांचं स्वागत करतो. बुद्धाचा देश म्हणवणाऱ्या ठिकाणी एवढी हिंसा काहून? (एक उपासक, इंदोरा)

प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तर सरळ देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे जाऊन आले, तेव्हापासून आपल्याला तो देश जवळचा. पण तिथला भिक्खूसंघ राजकारणात खोलवर आहे. १९५९ मध्ये पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर गोळ्या झाडणारा चीवरधारी भिक्खूच होता. २००४ च्या निवडणुकीत एका पक्षाने उमेदवार म्हणून भिक्खूच उभे केले आणि नऊ जागा जिंकल्या. तो पक्ष या शस्त्रसंधीच्या विरोधातच होता.

तरीही वर मी ज्या खुनांची यादी दिली, ती धर्माने उलगडत नाही. मेलेले बहुतेक तमिळ, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. मारणारेही बरेचसे तमिळच. आणि मुसलमान? १९९० मध्ये लिट्टेने जाफन्यातल्या मुसलमानांना काही तासांत हाकलून दिलं होतं. वाटाघाटीत आम्हाला वेगळी जागा द्या, असं तिथले मुसलमान सांगत राहिले. दिली नाही.

माझे बाबा गार्ड्‌समध्ये होते, १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. म्हणायचे, “आम्ही भांडण सोडवायला गेलो आणि दोन महिन्यांत आम्हीच लढायला लागलो.” असं का झालं? (एक भगिनी, कामठी)

ताई, बाबांनी बरोबर सांगितलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. करार दोन सरकारांचा, लिट्टेची त्यावर सहीच नव्हती. ऑगस्टमध्ये जाफन्याजवळच्या पलाली तळावर लिट्टेने थोडीफार शस्त्रं टाकून दाखवली. सप्टेंबरात पूर्वेकडे लिट्टेने प्रतिस्पर्धी तमिळ गटांच्या कार्यकर्त्यांना मारायला घेतलं, कारण आता प्रांतात सत्ता येणार आणि ती वाटून घ्यायची नव्हती. तिकडे जाफन्यात लिट्टेचा तिलीपन उपोषणाला बसला आणि २६ सप्टेंबरला मेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे काही लोक समुद्रात पकडले. त्यांना कोलंबोला न्यायचं ठरताच त्यांनी सायनाइड घेतलं, बारा जण गेले. १० ऑक्टोबरला आपली मोहीम सुरू झाली, ऑपरेशन पवन. मार्च १९९० मध्ये फौज परत आली तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते.

बाबांनी एक गोष्ट कदाचित सांगितली नसेल, कारण ती फौज परतल्यावर घडली. आपल्या फौजेच्या भरवशावर ईपीआरएलएफने तिथे प्रांताचं सरकार चालवलं होतं. फौज निघाली तसे त्यांच्यातले बरेच जण पळून भारतात आले. त्यांचा सरचिटणीस पद्मनाभा चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, राहत होता. १९ जून १९९० ला कोडंबक्कमच्या घरात त्याला आणि त्याच्या बऱ्याच सोबत्यांना एका झटक्यात संपवलं. टेलिप्रिंटरवर ती बातमी तुकड्यातुकड्याने येत होती, दर तुकड्याला मृतांचा आकडा वाढत होता. आपण ज्यांना भरवसा दिला त्यांना आपल्याच शहरात वाचवता आलं नाही, याची बोच मला आहे. त्यावर तेव्हा जेवढं लिहायला हवं होतं तेवढं महाराष्ट्रात लिहिलं गेलं नाही.

आपल्या नागपुरातल्या टोळ्यांचंही असंच असतं. मध्यस्थ बसवून समझोता करतात आणि महिनाभरात गेम वाजवतात. फरक काय? (एक वाचक, पाचपावली)

वसुली सारखी असते. पण टोळीला एरिया पाहिजे असतो, समाजाच्या वतीने बोलायचा हक्क नको असतो. म्हणून टोळीवाला वकिलाला, पत्रकाराला, प्राध्यापकाला सहसा मारत नाही. जिथे अशी माणसं मारली जातात तिथे एरियाचं भांडण मागे पडलेलं असतं.

भाचा दिमापूरला नोकरीला आहे. तो म्हणतो, नागालँडात शस्त्रसंधी आहे, पण गटागटांत मारामाऱ्या झाल्यात. आपल्याच देशात हे कसं चालतं? (एक मामा, अजनी रेल्वे क्वार्टर)

मामा, उदाहरण आपल्या देशातलं असून मराठी वाचकाला सगळ्यांत कमी माहीत आहे.

केंद्र सरकार आणि नागा बंडखोर यांच्यातला १९७५ चा शिलाँग करार काही नागा नेत्यांना पटला नाही, त्यातून १९८० मध्ये एनएससीएन ही सशस्त्र संघटना निघाली. १९८८ मध्ये तिचे दोन तुकडे झाले, एकीकडे इसाक स्वू आणि मुइवा या नेत्यांचा गट, दुसरीकडे खापलांगचा. त्या फुटीतच भरपूर रक्त सांडलं. १ ऑगस्ट १९९७ पासून इसाक-मुइवा गटाची केंद्राशी शस्त्रसंधी लागू झाली. खापलांग गटाची २००१ मध्ये. म्हणजे दोन्ही गट दिल्लीशी शांत. एकमेकांशी? त्यांच्यात कुठलाच कागद नव्हता. सुरक्षा दलांवर गोळी चालवायची नाही, ठरलेल्या छावणीबाहेर शस्त्रं घेऊन हिंडायचं नाही, असे नियम होते. पण मारामाऱ्या गल्ल्यांत आणि गावांत व्हायच्या. लष्कर मध्ये पडलं तर शस्त्रसंधी मोडल्याची ओरड, नाही पडलं तर लोक मरतात. आणि दर फुटीमागे कर मागणारा एक नवा गट उभा. दिमापूरचा दुकानदार एकाच महिन्यात कितीजणांकडून पावती फाडून घेणार? ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथले लोक याच कारणाने हजारोंनी रस्त्यावर आले. मागणी अशी, की सरकार एक तर करही एकच.

भावाभावांतले खून पुढे कमी झाले, ते दिल्लीमुळे नाही. २००८ मध्ये चर्चशी जोडलेल्या मंडळींनी आणि नागा समाजातल्या संस्थांनी मिळून समेटासाठी एक मंच उभा केला. गटांच्या लोकांना थायलंडमध्ये चियांग माईला नेऊन समोरासमोर बसवलं. १३ जून २००९ ला इसाक स्वू, खापलांग आणि जुन्या नागा नॅशनल कौन्सिलकडून सिंग्न्या या तिघांनी समेटाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, फाटे फुटत राहिले, खापलांग गटाने २०१५ मध्ये केंद्राशी शस्त्रसंधी मोडली. पण गटागटांतलं रोजचं मरण ओसरलं. श्रीलंकेत नेमकं हेच कुणी केलं नाही. नॉर्वेने २००२-०३ मध्ये सरकार आणि लिट्टे यांना सहा फेऱ्या समोरासमोर बसवलं. लिट्टे आणि इतर तमिळ गटांना कुणी बसवलं?

भाच्याला सांगा, रात्री उगाच फिरू नको म्हणावं. मामा म्हणून सांगण्यासारखं एवढंच.

श्रीलंकेतल्या या खुनांच्या आरोपींना शिक्षा झाली का? (तोच विद्यार्थी, हनुमाननगर, दुसऱ्या पत्रात)

फारच थोड्यांना. सरकारने जानेवारी २००८ मध्ये करारातून अंग काढून घेतलं, मे २००९ मध्ये युद्ध संपलं, प्रभाकरन मारला गेला आणि लिट्टेची जवळजवळ सगळी वरची फळी संपली. कदिरगामर प्रकरणी जर्मनीतल्या न्यायालयाने २०२० मध्ये लिट्टेच्या हेरखात्यातल्या एका माजी माणसाला कटात मदत केल्याबद्दल कैद दिली. करुणा २००८ मध्ये खासदार झाला, २००९ मध्ये मंत्री.

त्याचा एके काळचा साथीदार पिल्लयन २००८ मध्ये पूर्व प्रांताचा मुख्यमंत्री झाला. पाराराजसिंगम यांच्या खुनाच्या आरोपाखाली त्याला २०१५ मध्ये अटक झाली. ऑगस्ट २०२० मध्ये तुरुंगात असतानाच तो बट्टिकलोआतून खासदार म्हणून निवडून आला. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी वकिलांनी खटला पुढे चालवणार नाही असं सांगितलं आणि तो निर्दोष सुटला. एप्रिल २०२५ मध्ये त्याला पुन्हा अटक झाली, ती दुसऱ्या प्रकरणात: डिसेंबर २००६ मध्ये बेपत्ता झालेल्या पूर्व विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या अपहरणाचं. पाराराजसिंगम यांची फाइल त्यानंतर कुणी उघडली आहे का, हे मात्र विचारायला पाहिजे.